क्युपोला, धुराडं आणि हिशेबाची वही

मराठी विभागात टेक्निकल लेख दिसला की निम्मे वाचक पान उलटतात. उरलेले निम्मे थेट कवितांच्या पानावर जातात आणि कोणी कोणासाठी काय लिहिलंय ते शोधत बसतात. तरी दहा मिनिटं थांबा, एम-थ्रीपेक्षा हे नक्कीच सोपं आहे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे 'ओतकाम' हा शब्द मला पुस्तकातून मिळाला नाही. आपल्या वर्कशॉपच्या मामांच्या तोंडून तो पहिल्यांदा ऐकला. फौंड्रीबद्दलचं माझं बरंचसं मराठी तिथलंच आहे, तेव्हा सरांनी शुद्धलेखन जरा सांभाळून घ्यावं.

विषय असा आहे की लोखंड वितळवणाऱ्या फौंड्रीतून हवेत किती घाण जाते हे सरकारला कळतं कसं? 'किती जावी' याचा नियम पुस्तकात आहे, पण 'किती जाते' हा आकडा कुठून येतो? मला हा प्रश्न आधी फालतू वाटला होता. मोजायचं आणि लिहायचं, त्यात काय! मिनी प्रोजेक्टसाठी आम्ही चौघांनी खरोखर आकडे गोळा करायला सुरुवात केली तेव्हा कळलं की सगळी गंमत (आणि सगळी मारामारी) तिथेच आहे.

आधी थोडं बेसिक. कॉम्प आणि आयटीवाल्यांसाठी सांगते. आपल्याभोवती फौंड्रीचा माल कुठे नाही? मेसच्या नळाला पाणी चढवणाऱ्या पंपाचं केसिंग, बाईकच्या इंजिनचा ब्लॉक, रस्त्यातलं मॅनहोलचं झाकण, सगळं ओतीव. पुण्याकडे भोसरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात गाड्यांच्या कंपन्या आल्या, त्यांच्यासोबत कास्टिंगचं काम आलं. पण महाराष्ट्रात फौंड्रीचं खरं माहेर कोल्हापूर. तिथे ऑइल इंजिनांच्या जमान्यापासून हा धंदा रुजला. आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल आणि इचलकरंजीकडे मिळून तीनशेच्या आसपास फौंड्र्या आहेत. पुण्याच्या कारखान्यांना लागणारं बरंचसं कास्टिंग हायवेने तिकडूनच येतं. म्हणजे गाडी असेम्बल इथे होते आणि धूर तिथे निघतो, हेही लक्षात ठेवा.

लोखंड वितळवायच्या मुख्य भट्ट्या दोन, क्युपोला आणि इंडक्शन. क्युपोला म्हणजे उभा पोलादी नळकांडा, आतून विटांचं लायनिंग. वरच्या दारातून कोक, पिग आयर्न, भंगार आणि चुनखडी थरावर थर टाकायची. खालून ब्लोअरने हवा सोडायची. कोक पेटतो, लोखंड वितळून खाली साठतं आणि टॅपिंगच्या भोकातून लॅडलमध्ये घेतात. वर काय जातं? कोकची बारीक राख, भंगारावरचा गंज-माती-तेल, गंधकाचा डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड. इंडक्शनमध्ये कोकच नाही, विजेवर काम, म्हणून धूर फार कमी. मात्र एक टन लोखंडाला साधारण सहाशे युनिट वीज लागते आणि ती वीज बहुतेक वेळा कुठल्यातरी औष्णिक केंद्रात कोळसा जाळूनच आलेली असते. म्हणजे धुराडं गावाबाहेर गेलं इतकंच. असो, तो वेगळा लेख होईल.

आता नियम. पर्यावरण संरक्षण नियम १९८६ च्या परिशिष्टात फौंड्रीसाठी धुळीची मर्यादा दिली आहे. तासाला ३ टनांपेक्षा लहान क्युपोलाला दर घनमीटर वायूत ४५० मिलिग्रॅम, ३ टन किंवा मोठ्याला १५० मिलिग्रॅम. आर्क आणि इंडक्शन भट्टी कुठल्याही मापाची असो, १५०. शिवाय क्युपोलाचं धुराडं चार्जिंगच्या दाराच्या वर, क्युपोलाच्या व्यासाच्या निदान सहापट उंच हवं. लहानाला सवलत का, हे उघड आहे. फिल्टरचा खर्च त्याला परवडत नाही. पण हवेच्या दृष्टीने पाहिलं तर शंभर लहान मिळून एक फार मोठा होतो, आणि तो मोठा कुठल्याच यादीत दिसत नाही.

चला, एक गणित करू. पेपरला येणार नाही, तरी करू. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, वेगवेगळ्या कारखान्यांत मोजमाप करून 'उत्सर्जन गुणांक' काढून ठेवले आहेत. एक टन माल काढताना किती किलो धूळ उडते ते त्यात असतं. काहीही न बसवलेल्या क्युपोलाचा गुणांक टनाला ६.९ किलो, इंडक्शनचा ०.५ किलो. समजा आपला क्युपोला तासाला २ टनांचा आहे आणि एका हीटमध्ये ५ तास चालतो. १० टन लोखंड, म्हणजे ६९ किलो धूळ. आठवड्याला तीन हीट, वर्षाला १५० धरल्या तर १०,३५० किलो. दहा टनांच्या वर! एक अख्खा ट्रक भरून बारीक राख आपण वस्तीवर भुरभुरवतो, फक्त एकदम न टाकता वर्षभर थोडीथोडी.

आता हीच धूळ नियमाच्या भाषेत लिहू. तासाला १३.८ किलो धूळ. धुराड्यातून तासाला ५,००० घनमीटर वायू जात असेल तर दर घनमीटरला २,७६० मिलिग्रॅम. मर्यादा ४५० ची, म्हणजे सहापट. पण चार्जिंगचं दार सताड उघडं ठेवलं, बाहेरची हवा आत ओढली गेली आणि वायू १०,००० घनमीटर झाला, तर तोच आकडा १,३८० वर येतो. धूळ एक ग्रॅमनेही कमी झाली नाही, नुसतं दुधात पाणी घातलं! म्हणूनच गंधक डायऑक्साइडच्या मर्यादेला (३०० मिलिग्रॅम) '१२ टक्के कार्बन डायऑक्साइडला दुरुस्त करून' अशी शेपटी जोडलेली आहे. हवा मिसळली की कार्बन डायऑक्साइडचं प्रमाणही त्याच हिशेबात घटतं, त्यावरून पाणी किती घातलं ते पकडता येतं. माझ्या मते धुळीच्या आकड्यासोबतही वायूचा प्रवाह आणि भट्टीचा त्या तासाचा टनेज लिहिल्याशिवाय तो आकडा मान्यच करू नये. नुसतं 'इतके मिलिग्रॅम' म्हणजे परीक्षेत कशापैकी ते न सांगता 'मला ३५ मिळाले' म्हणण्यासारखं आहे.

आणि तो ६.९ चा गुणांक तरी आपला आहे का? तो तिकडच्या कोकवरून आला. आपल्याकडे छोट्या फौंड्र्यांत वर्षानुवर्षं धनबादकडचा कोक वापरला गेला. त्यात राख पंचवीस टक्क्यांच्याही पुढे जाते, चांगल्या फौंड्री कोकमध्ये ती दहा-बारा असते. सगळी राख काही उडत नाही, बरीचशी स्लॅगमध्ये जाते, तरी फरक पडणारच. त्यामुळे आपल्या भट्टीचा आकडा आपल्यालाच मोजावा लागतो. तिथे दुसरा अध्याय सुरू होतो.

धुराड्यातली धूळ मोजायची भारतीय पद्धत आयएस ११२५५ च्या पहिल्या भागात (१९८५) दिली आहे. धुराड्याला भोक पाडून नळी आत घालायची, पिटो ट्यूबने वेग मोजायचा, पंपाने वायू ओढायचा. वाटेत थिंबल नावाचा छोटा फिल्टर असतो, त्याचं आधीचं आणि नंतरचं वजन घ्यायचं. सगळी मेख एका शब्दात आहे, 'आयसोकायनेटिक'. नळी ज्या वेगाने ओढते तो वेग आणि धुराड्यात वायू ज्या वेगाने जातो तो वेग सारखाच हवा. का? पालखी पुण्यात येते त्या दिवशीचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. गर्दी जोरात पुढे चालली आहे आणि बाजूच्या गल्लीतून कोणी हाका मारून माणसं आत ओढतंय. सडपातळ माणूस पटकन वळतो, पण जड माणूस आपल्या झोकात सरळ पुढे जातो. धुळीचे कण तसेच. नळीने जास्त जोरात ओढलं तर हलका वायू आजूबाजूने वळून आत येतो, जड कण मात्र बाहेरूनच निघून जातात. मग धूळ खऱ्यापेक्षा कमी दिसते. हळू ओढलं तर उलट, धूळ जास्त दिसते. म्हणजे एक व्हॉल्व्ह थोडा इकडे फिरवला की कारखाना पास, तिकडे फिरवला की नापास. रिपोर्टवर दोन्ही वेळा सही-शिक्का तोच.

शिवाय भोक कुठे पाडायचं यालाही नियम आहे. वळणापासून पुरेशा सरळ लांबीवर, म्हणजे वायू शांत वाहतो तिथे. लहान क्युपोलाला इतकं सरळ धुराडंच नसतं. असलं तर तिथवर जायला जिना नाही, उभं राहायला प्लॅटफॉर्म नाही, आणि उन्हाळ्यात दुपारी पत्र्यावर पाय ठेववत नाही. सॅम्पल घेणारा माणूसही माणूसच आहे हो. त्यात हीट दिवसाआड लागते. मोजणारे आले त्या दिवशी भट्टी बंद, किंवा मालकाने त्या दिवसापुरता चांगला कोक आणि धुतलेलं भंगार टाकलेलं! सतराच्या यादीतल्या जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना केंद्रीय मंडळाने २०१४ मध्ये सतत मोजणारी ऑनलाइन यंत्रं बसवायला सांगितली. त्या यादीत मोठे पोलाद कारखाने आहेत, छोट्या फौंड्र्या नाहीत. त्यांच्यासाठी अजून अधूनमधून येणारं हे सॅम्पलच आहे.

कायद्यात आकडे मागायचा अधिकार आहे का? भरपूर आहे. हवा कायदा १९८१ चं कलम २५ सांगतं की राज्य मंडळ कारखानदाराकडून कुठले प्रदूषक, किती प्रमाणात, याची माहिती मागवू शकतं. कलम २४ खाली आत जाऊन पाहणी करता येते. कलम २६ मध्ये सॅम्पल कसं घ्यायचं ते लिहिलं आहे. आधी नोटीस, मग सील आणि दोघांच्या सह्या, नाहीतर कोर्टात ते पुरावा म्हणून चालत नाही. त्याशिवाय नियम १४ प्रमाणे संमतीपत्र लागणाऱ्या कारखान्यांनी दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत 'फॉर्म पाच' भरायचा असतो. कच्चा माल किती, उत्पादन किती, प्रदूषण किती. कागदावर सगळं आहे, पण कागदावरचं खरं आहे का?

याचं उत्तर शेजारच्या गुजरातेत मिळालं, आणि ते फार इंटरेस्टिंग आहे. तिथे कारखान्यांचं पर्यावरण ऑडिट बाहेरचा ऑडिटर करतो. त्याला नेमणार कोण? कारखाना. पैसे देणार कोण? तोच कारखाना. डुफ्लो, ग्रीनस्टोन, पांडे आणि रायन या संशोधकांनी अहमदाबाद आणि सुरतेच्या भागात, राज्याच्या मंडळाबरोबर, २००९ पासून दोन वर्षं एक प्रयोग केला. जुन्या पद्धतीत ऑडिटर सांगत होते की धुळीची मर्यादा फक्त ७ टक्के कारखाने मोडतात. त्याच कारखान्यांत दुसऱ्यांनी जाऊन मोजलं तेव्हा निघाले ५९ टक्के! आणि ऑडिटरांचे आकडे कसे होते? मर्यादा १५० ची, तर रीडिंग सगळे त्याच्या जेमतेम खाली दाटीवाटीने बसलेले. हॉस्टेलवर राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नकोच. जर्नलमध्ये सगळ्यांची एरर दोन टक्क्यांच्या आत कशी येते हे जगात आपल्याइतकं कोणाला माहीत आहे!

मग त्यांनी नियम बदलून पाहिले. ऑडिटर चिठ्ठी टाकून ठरवायचा, पैसे एका समाईक फंडातून ठरावीक द्यायचे, आणि काही ठिकाणी मागाहून जाऊन फेरतपासणी करायची. खोट्या 'पास'चं प्रमाण ८० टक्क्यांनी घटलं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कारखान्यांनी खरोखर प्रदूषण कमी केलं. नवा फिल्टर नाही, नवा कायदा नाही, फक्त आकडा कोणाचा मिंधा आहे ते बदललं. याच्या पुढची पायरी आपल्या महाराष्ट्रात जून २०१७ मध्ये आली. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्यांना धुराड्याच्या सॅम्पलवरून एक ते पाच तारे देऊन ते लोकांसमोर मांडायची योजना सुरू केली, त्यात धातूचे कारखानेही होते. फाइलमध्ये पडून राहणारा आकडा शेजारच्या माणसाला दिसायला लागला, ही मला मोठी गोष्ट वाटते.

आकडे नसले तर काय होतं? आग्रा. ताजमहाल पिवळा पडतोय म्हणून सुप्रीम कोर्टात केस चालली, तेव्हा उत्तर प्रदेशच्या मंडळाला आधी सर्वेक्षण करावं लागलं. यादीत ५११ कारखाने निघाले, त्यांत १६८ फौंड्र्या. ५११ पैकी ५०७ ठिकाणी हवा साफ करायचं कुठलंच साधन नव्हतं. ३० डिसेंबर १९९६ च्या निकालात २९२ कारखान्यांना सांगितलं गेलं, कोक-कोळसा सोडून गॅस घ्या, नाहीतर ताजच्या परिसरातून हला. ताज वाचायलाच हवा, त्याबद्दल माझा वाद नाही. पण कुठली भट्टी किती धूर सोडते हे दहा वर्षं आधी मोजलेलं असतं, तर सुधारायला वेळ मिळाला असता. वेळ गेल्यावर कोर्टाकडे फक्त कुलूप उरतं.

हे वाक्य मी रूमवर बोलले आणि भांडण झालं. माझी रूममेट कोल्हापूरची, तिच्या घरची छोटी फौंड्री आहे. एक क्युपोला, पंचवीस-तीस माणसं. ती म्हणाली, "तुम्ही लोक आधी आकडे मागता, मग कुलूप लावता. मग का द्यायचे आकडे?" मला उत्तर सुचलं नाही. तिच्या वडिलांना फोन केला तर काका आधी हसलेच. "तुला कशाला पायजे गं कोकचा आकडा? इन्कम टॅक्सवाल्यांनी पाठवलंय का?" मी म्हटलं, "नाही काका, प्रोजेक्ट आहे." मग त्यांनी सहज सांगितलं की चार्जिंगवरचा माणूस प्रत्येक हीटला वही लिहितो. किती कोक, किती लोखंड, किती चुनखडी, ब्लोअर कधी चालू, कधी बंद. कारण कोक महाग आहे आणि चोरी होऊ नये.

म्हणजे बघा, प्रदूषणाचा निम्मा डेटा आधीपासून लिहिलेला आहे, फक्त दुसऱ्या नावाने! टनाला १३० किलो कोक लागतो आणि त्यात ०.६ टक्के गंधक आहे असं धरा. ०.७८ किलो गंधक, त्याचा डायऑक्साइड दुप्पट वजनाचा, म्हणजे टनाला जास्तीत जास्त १.५६ किलो. थोडं गंधक लोखंडात आणि स्लॅगमध्ये जातं, म्हणून 'जास्तीत जास्त'. धुराड्यावर न चढता वरची मर्यादा मिळाली. आणि धुराड्याच्या रिपोर्टमध्ये याहून जास्त आलं तर समजायचं की वही खोटी किंवा रिपोर्ट खोटा.

हावड्याला हेच सूत्र कामी आलं. तिथे टेरी या संस्थेने स्विस मदतीने १९९८ मध्ये एका फौंड्रीत 'डिव्हायडेड ब्लास्ट' क्युपोला उभा केला. त्यात हवा एकाऐवजी दोन पातळ्यांवरून सोडतात. खाली तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड वरच्या हवेत जळतो, वाया जाणारी उष्णता तिथेच वापरली जाते. कोकचं प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आलं, आणि सोबत व्हेंचुरी स्क्रबर लावल्यावर धूळ ५० मिलिग्रॅमच्या खाली. मालकाला आधी कोकचे पैसे दिसले, मग हवा दिसली. हा क्रम मला लबाडीचा वाटत नाही, काकांशी बोलल्यावर तर मुळीच नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याच धुराड्यात सापडत नाही. मोल्ड फोडताना, कास्टिंग झटकताना, फेटलिंगला ग्राइंडर लावताना उडणारी वाळूची धूळ. ती शेडमध्येच राहते आणि आधी कामगाराच्या छातीत जाते. तिच्यातल्या सिलिकाने सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. भोसरीकडच्या एका फौंड्रीत आम्ही गेलो तेव्हा धुराड्याचा रिपोर्ट फ्रेम करून ऑफिसात लावला होता. बाहेर फेटलिंगवाल्या माणसाच्या तोंडाला घरचा रुमाल. त्या रुमालाचा कॉलम कुठल्याच फॉर्ममध्ये नाही, निदान आम्ही पाहिलेल्या फॉर्ममध्ये नव्हता.

पुण्याचंही थोडं सांगते. शहराच्या हवेत कोणाचा किती वाटा याचा अभ्यास सहा शहरांत झाला, त्यात पुण्याचं काम आपल्या टेकडीवरच्या एआरएआयने केलं. २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत पुणेही आहे, कोल्हापूरही आहे. अशा अभ्यासात वाहनं आणि रस्त्याची धूळ नीट मोजली जाते, कारण ती रस्त्यावर सगळ्यांना दिसते. छोट्या भट्टीसाठी कोणाला तरी आत जाऊन वही मागावी लागते.

आम्ही अकरा ठिकाणी मागितली. चौघांनी दिली, दोघांनी चहा दिला, बाकीच्यांनी गेटवरूनच पाठवलं. पहिला फॉर्म आम्ही इंग्रजीत आणि दोन पानी केला होता. आता तो मराठीत, एका पानाचा आहे. हीटची तारीख, लोखंड किलो, कोक किलो, कोक कुठला, चुनखडी, ब्लोअरचे तास, चार्जिंगचं दार उघडं की बंद, शेडमध्ये माणसं किती आणि मास्क किती जणांना. कंपनीचं नाव लिहायचं नाही, नुसता नंबर. रूममेटने त्यात एक कॉलम स्वतःहून वाढवला, 'यावरून तुम्हाला काय परत हवं?' कारण तिचं म्हणणं, नुसतं घेऊन जाणारे खूप येतात. काकांनी त्या कॉलममध्ये लिहिलं, "कोक कसा वाचेल ते सांगा." त्यांच्या सहा हीटचे आकडे मेकॅनिकलच्या फौंड्री लॅबमधल्या कपाटात आहेत. पुढच्या सेमला ज्याला प्रोजेक्ट हवा असेल त्याने लॅबच्या मामांकडून किल्ली घ्यावी, आणि जाताना कोल्हापूरच्या एसटीचं रिझर्वेशन आधी करून ठेवावं.